रत्नागिरीतला स्पॅनिशचा वर्ग: उत्तरं शिकवणाऱ्या बाई

रत्नागिरीत बसून प्रवासापुरतं स्पॅनिश शिकता येतं, आणि चांगलं शिकता येतं, हे आधीच सांगून टाकतो. मारुती मंदिर भागात एका बाईंच्या घरी संध्याकाळी हा वर्ग चालतो. नाव-पत्ता कुठे छापू नका, असं बाईंनी बजावलंय. पडवीत माणसं मावतात मोजकी, आणि आलेल्याला परत पाठवणं त्यांच्या जिवावर येतं. त्यामुळे नाव देत नाही, पण वर्ग कसा आहे ते सविस्तर लिहितो. आपल्याकडे अशा गोष्टी शिकायच्या तर पुण्या-मुंबईकडे तोंड करायचं, असं लोक धरूनच चालतात.

मी कोकण रेल्वेत बुकिंगला होतो. सगळी नोकरी खिडकीच्या आत बसून केली. भाषा न येणारा प्रवासी खिडकीशी आला की नेमका कुठे अडतो, हे मी इतकं जवळून पाहिलंय की त्यावर ठामपणे बोलू शकतो. प्रश्न सगळ्यांना विचारता येतो. ‘मडगाव ट्रेन?’ एवढं कोणालाही जमतं, नुसतं बोट दाखवूनही भागतं. माणूस अडतो तो उत्तरापाशी. मी सांगायचो, ‘मांडवी दीड तास लेट आहे, दोन नंबरला येईल.’ तो मान डोलवायचा, हसायचा आणि तिथेच उभा राहायचा. मागची रांग कुरकुरायला लागायची. पावसाळ्यात तर आमच्या मार्गावर वेळापत्रकच वेगळं असतं. प्रवाशाच्या हातातला कागद एक सांगतो, खिडकी दुसरंच सांगते, आणि त्याला दोन्हींतलं काही कळत नाही.

लेक स्पेनमध्ये सेव्हिलला शिकायला गेली, तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा हेच डोक्यात होतं. माद्रिदला उतरून पुढे रेल्वेने जायचं होतं, लेकीची परीक्षा असल्याने ती घ्यायला येऊ शकत नव्हती. मी आधी मोबाइलवर एक ॲप घेतलं. मांजर दूध पितं, मुलगा सफरचंद खातो, अशी वाक्यं त्यात महिनाभर चालली. एक संभाषणाची पुस्तिकाही आणली. तिच्यात प्रश्न पानोपानी होते: हॉटेल कुठे आहे, दवाखाना कुठे आहे, पोलीस ठाणं कुठे आहे. समोरचा काय म्हणेल, याची एक ओळ सबंध पुस्तिकेत नाही. हॉटेल कुठे आहे हे मी अस्खलित विचारलं आणि त्या माणसानेही अस्खलित उत्तर दिलं, तर पुढे काय?

या बाई उत्तरं शिकवतात. बाकी मी जे लिहिणार आहे ते या एका गोष्टीभोवती आहे.

पहिल्या दिवशी मुळाक्षरं नाहीत, ‘माझं नाव अमुक’ नाही. पडवी आणि आतल्या खोलीच्या मध्ये जुन्या घरांना असते तशी गजांची खिडकी आहे. बाई आत जाऊन खिडकीशी बसल्या आणि आम्हाला बाहेर रांगेत उभं केलं. फळ्यावर तीनच शब्द होते: ‘ताकिया’ म्हणजे तिकीट खिडकी, ‘बिआ’ म्हणजे गाडी लागते तो रूळ, आणि ‘रेत्रासो’ म्हणजे उशीर. एकेकाने गजांशी जायचं, गाव सांगायचं, आणि बाई उत्तर देणार. त्या उत्तर द्यायच्या ते खऱ्या क्लार्कसारखं. मान खाली, हाताने काहीतरी लिहिणं चालू, अर्धं वाक्य ओठांतल्या ओठांत. स्पष्ट, सावकाश, शिक्षकी बोलणं त्यांनी मुद्दाम टाळलं. आम्ही बाहेर येऊन फक्त एवढंच सांगायचं: रूळ कितवा, आणि उशीर आहे का. सगळं वाक्य कळण्याची गरज नाही. त्या धबधब्यातून आकडा वेचून काढायचा.

आकड्यांवर त्यांनी आमचा घाम काढला, आणि काढायलाच हवा होता. ‘दोस’ म्हणजे दोन, ‘दोथे’ म्हणजे बारा. ‘सेसेन्ता’ साठ, ‘सेतेन्ता’ सत्तर. घाईत ऐकले तर दोन्ही जोड्या कानाला सारख्याच लागतात आणि माणूस भलत्याच रुळावर जाऊन उभा राहतो. बाई खिडकीतून नुसते आकडे फेकत, आम्ही बोटांनी दाखवत असू. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला म्हटलं, ‘काका, आज तुम्ही आत बसा.’ मी आत बसलो, आणि बाहेर रांगेत जयगडचा एक पोरगा, दोन नर्स मुली, आमची ही आणि बाकीचे. उत्तर मला द्यायचं होतं, स्पॅनिशमध्ये. त्या अर्ध्या तासात मला जितकं पाठ झालं तितकं कुठल्याही वहीने केलं नसतं. उत्तर स्वतःच्या तोंडून एकदा गेलं की कान ते परत ओळखतो. रेल्वेत नव्या पोरांना तयार करताना आम्हीही हेच करायचो, त्यांना काही दिवस प्रवाशांच्या बाजूला उभं करायचो.

उच्चारांबद्दल दोन शब्द. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे आहेत, आपल्यासारखे. इंग्रजी शाळेतून आलेली मुलं ‘टोडो’, ‘टाकिया’ म्हणतात, तेव्हा बाई लगेच थांबवतात: ‘ताकातला त म्हणा, दह्यातला द म्हणा.’ ‘क’ आणि ‘प’ सुद्धा आपल्यासारखेच, हवा न सोडता. स्वर पाच, आणि ते लिहिल्यासारखेच म्हणायचे. मराठी माणसाला निम्मी वाट आधीच चालून झालेली असते, हे त्या पहिल्याच आठवड्यात पटवून देतात, आणि त्याने वयस्क माणसाला केवढा धीर येतो ते मी आमच्या हिच्या तोंडावर पाहिलं. नामांना लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, यातही आपल्याला नवल नाही. आपल्याकडे तीन लिंगं, तिकडे दोनच.

बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तेव्हा ‘पाताता’, ‘पान’, ‘याबे’, ‘पागार’ हे ऐकताना कान दचकत नाही. ‘पागार’ तिकडे पैसे चुकते करणं. रायगडात कोर्लईच्या किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवर बेतलेली बोली अजून घरात बोलतात, हेही बाईंनी सांगितलं. पण या गोष्टीत त्या रमल्या नाहीत, पंधरा मिनिटांत परत खिडकीशी. ते मला आवडलं.

आता एका खास शब्दाकडे येतो. खरं म्हणजे दोन शब्द आहेत: ‘तोदाविआ नो’. अर्थ ‘अजून नाही’. बाई म्हणाल्या, प्रवासात तुम्हाला ‘हो’ आणि ‘नाही’ यापेक्षा हा जास्त ऐकू येईल. रूळ ठरला का? तोदाविआ नो. खोली तयार आहे का? तोदाविआ नो. स्वयंपाकघर उघडलं का? तोदाविआ नो. आणि याचा जोडीदार ‘या’, म्हणजे झालं, आता, आधीच. गाडीबद्दल कोणी ‘या’ने सुरुवात करून ‘सालिदो’ म्हटलं की समजा गाडी सुटली. चौकशी खिडकीवर चाकरमान्यांनी मला जन्मभर जो प्रश्न विचारला, ‘गाडी गेली काय हो?’, त्याची दोन्ही उत्तरं या दोन शब्दांत आली. स्पॅनिशची सगळी पुस्तकं ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ने सुरू होतात. प्रवाशाला आधी हे दोन द्यावेत, असं माझं पक्कं मत झालंय.

यात एक खाचही आहे आणि ती बाईंनी आधीच दाखवली. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ आणि ‘बी’ या अक्षरांचा उच्चार एकच. बोलायला सुरुवात करताना ‘ब’, शब्दाच्या मध्ये आला की ओठ पुरते न मिटणारा, आपल्या ‘व’च्या जवळचा. म्हणून रूळ तो ‘बिआ’, आणि ‘तोदाविआ’च्या पोटातही तोच शब्द. रुळाची चौकशी केल्यावर घाईत कोणी ‘तोदाविआ नो’ म्हटलं तर नवख्याच्या कानावर फक्त ‘विआ नो’ पडतं आणि तो समजतो की गाडीच रद्द झाली. बाईंनी हे खिडकीतून आम्हाला दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकवलं. हळू, जोरात, कंटाळून, पाठ फिरवून.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनात याचा पडताळा आला. प्रचंड स्टेशन. जुन्या इमारतीच्या लोखंडी छपराखाली चक्क झाडांची बाग केलेली आहे. सामान यंत्रातून तपासून आत सोडतात, आणि रुळाचा नंबर फलकावर बराच वेळ येतच नाही. आपल्याकडे गाडी ठरलेल्या फलाटावर लागणार हे रोजच्या माणसाला पाठ असतं, तिकडे तसं नाही. शिवाय त्याच रुळांवरून आता एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्या धावतात, त्यामुळे नुसतं ‘सेव्हिलची गाडी’ म्हणून भागत नाही. आमची ही अस्वस्थ व्हायला लागली. गणवेशातल्या एका बाईंना मी विचारलं, ‘एल त्रेन आ सेविया, के बिआ?’ त्या चालता चालता म्हणाल्या, ‘तोदाविआ नो. मिरे ला पान्ताया.’ अजून नाही, पडद्याकडे बघा. दोन वाक्यं, आणि दोन्ही पडवीतल्या खिडकीतून ऐकलेली. आम्ही बाकावर बसलो, डब्यातला लाडू काढला, आणि फलकावर आकडा येईपर्यंत शांत होतो. शेजारी एक जोडपं, भाषेवरून तरी आपल्याच देशातलं वाटलं, तीनदा उठून तीन दारांशी जाऊन आलं. त्यांनाही मी सांगितलं.

इथे रेल्वेवाल्याचं थोडं ऐकून घ्या. माद्रिद ते सेव्हिल ही स्पेनची पहिली अतिवेगवान लाइन, १९९२ साली सुरू झालेली, अडीच तासांच्या आसपास नेऊन सोडते. स्पेनच्या जुन्या लाइनची रुंदी १६६८ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजची १६७६. जेमतेम आठ मिलिमीटरचा फरक! अतिवेगवान गाड्यांसाठी मात्र त्यांनी १४३५ची युरोपीय रुंदी घेतली, आणि चालता चालता चाकांमधलं अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या दोन्हींवरून धावतात. अशा गाड्या बनवणारी ताल्गो ही स्पॅनिश कंपनी तीच, जिच्या हलक्या डब्यांच्या चाचण्या २०१६मध्ये आपल्याकडे दिल्ली ते मुंबई झाल्या होत्या. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्यासाठीचा स्पॅनिश शब्द शोधून आणला, ‘आन्चो दे बिआ’, आणि त्यावर सबंध तास घेतला. विद्यार्थ्याला ज्यात गोडी आहे तिथून शब्द उचलायचा, ही त्यांची खरी हातोटी. जयगडचा पोरगा जहाजावर जाणार, त्याच्यासाठी धक्का, दोर, पाळी, रजा. नर्स मुलींसाठी दुखणं, ताप, उपाशीपोटी. आमच्या हिच्यासाठी मासळी.

मासळीचा तास या वर्गातला सगळ्यात रंगलेला. बाईंनी मिरकरवाड्याहून आणलेले मासे सुपात मांडले होते. कोळंबी ‘गाम्बास’, तिसऱ्या ‘आल्मेखास’, माकूल ‘कालामारेस’, तारली ‘सार्दिना’, बांगड्याच्या जातीचा त्यांच्या समुद्रातला मासा ‘काबाया’, कुपा ‘आतून’. आणि लगेच उत्तराची बाजू: वेटर काय विचारेल? तळलेलं की भाजलेलं, ‘फ्रीतो’ की ‘आ ला प्लान्चा’. आमची ही सोमवारी आणि चतुर्थीला मासमच्छी खात नाही. तिच्यासाठी बाईंनी ‘मांस नको’ एवढंच दिलं नाही. त्या म्हणाल्या, तिकडे ‘कार्ने’ नको म्हटलं तरी सॅलडमध्ये कुपा नाहीतर डुकराच्या मांसाचे काप येऊ शकतात, कारण ते बऱ्याच जणांच्या हिशेबी ‘कार्ने’त येत नाही. तेव्हा नावं घेऊन सांगा: ‘सिन आतून, सिन खामोन.’ सेव्हिलमधल्या पहिल्याच सोमवारी हे कामी आलं. वेटरने कार्डावरच्या सॅलडवर बोट ठेवून ‘आतून’ म्हटलं, हिने ‘सिन आतून’ म्हटलं, आणि ताट हवं तसं आलं.

जेवणाच्या वेळेबाबतही तयारी झालेली होती. हिला साखरेचा त्रास, वेळेवर पोटात काही जायला हवं. स्पेनमध्ये रात्रीचं स्वयंपाकघर उशिरा उघडतं. सात वाजता आम्ही एका दारात उभे, आतून आवाज आला तोच, ‘तोदाविआ नो’, आणि मागोमाग ‘आ लास ओचो इ मेदिआ’, म्हणजे साडेआठला. आम्ही समोरच्या बेकरीत पाव खाऊन परत आलो. कळलं नसतं तर दार बंद म्हणून उपाशी हिंडलो असतो.

आता उणिवा. त्या आहेत, आणि बाईंना मी तोंडावर सांगितल्यात.

पहिली मोठी. वर्गभर आम्ही एकच आवाज ऐकला, बाईंचा. त्यांचं स्पॅनिश माद्रिदकडचं, नीट, प्रत्येक अक्षर वाजणारं. सेव्हिलमध्ये लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात. ‘दोस’चं ‘दो’ होतं, ‘बुएनोस दिआस’चं ‘बुएनो दिआ’. शिवाय तिथे ‘दोथे’ न म्हणता ‘दोसे’ म्हणणारे बरेच. म्हणजे ज्या दोन आकड्यांवर आम्ही एवढा घाम गाळला, ते दोन्ही तिथे वेगळेच वाजले. दोन दिवस मी बाजारात गोंधळलो, मग कान बसला. रेकॉर्डिंग मिळणं आज काही अवघड नाही. निरनिराळ्या गावचे आवाज आठवड्यातून एकदा जरी ऐकवले तरी ही उणीव भरून निघेल.

दुसरी, स्पेनला जाणारे आणि दक्षिण अमेरिकेला जाणारे एकाच वर्गात बसतात. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, आणि रोजचे शब्दच बदलतात. तिकीट स्पेनमध्ये ‘बियेते’, पलीकडे ‘बोलेतो’. मोटार इकडे ‘कोचे’, तिकडे बऱ्याच ठिकाणी ‘कार्रो’. बटाटा तिकडे ‘पापा’, फळांचा रस इकडे ‘थुमो’, तिकडे ‘खुगो’. सरळ जा म्हणायला स्पेनमध्ये ‘तोदो रेक्तो’, तर तिकडे ‘देरेचो’, आणि उजवीकडे म्हणजे ‘देरेचा’! जयगडच्या पोराला पेरूच्या काय्याओ बंदरात हे कळलं नाही तर तो सरळ जायचं सोडून उजवीकडे वळेल. बाई दोन्ही सांगतात, पण एका तासात दोन्ही ऐकून आमच्यासारख्यांच्या डोक्यात खिचडी होते. शेवटच्या अर्ध्या तासाला तरी गट वेगळे करावेत.

तिसरी, शेवटच्या आठवड्यांत भूतकाळाची क्रियापदं घाईघाईने उरकली. प्रवासापुरतं शिकणाऱ्याला त्यांची गरज नव्हती. तो वेळ फोनवरच्या बोलण्याला हवा होता. फोनवर ना हात दिसतात, ना फलक. आमच्या घरमालकीणबाईंचा फोन आला तेव्हा मी तो लेकीकडे दिला.

शुल्क दोन महिन्यांचं चार हजार रुपये, आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड तास. त्यात हाताने लिहिलेले कागद मिळतात: एका बाजूला रोमन, कारण फलकावर तेच दिसणार, आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी. कागद सुरेख आहेत, पण घरी अभ्यास रोमन बाजूने करा. देवनागरीची सवय लागली की स्टेशनातला ‘सालिदा’चा, म्हणजे बाहेरच्या वाटेचा, फलक समोर असूनही डोळा त्यावर ठरत नाही. चहा बाईंकडून, कोऱ्या वह्या आपल्या आपण न्यायच्या. एप्रिल-मेमध्ये निम्मा वर्ग बागेत किंवा लग्नात असतो, म्हणून त्या दिवसांत नवीन तुकडी सुरू होत नाही. पावसाळ्यातली तुकडी सगळ्यात चांगली, लोक नियमित येतात. जिना अरुंद आणि पावसात निसरडा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी बाईंना आधी सांगावं, त्या खालच्या ओटीवर सोय करतात.

परीक्षेसाठी, नोकरीसाठी, कागदोपत्री दाखल्यासाठी शिकायचं असेल तर हा वर्ग पुरा पडणार नाही, त्याला व्याकरणाचा पाया आणि लिखाणाची सवय लागते, ती इथे मिळत नाही. पण आई-वडील मुलांकडे निघालेत, पोरगा जहाजावर चाललाय, कोणी नुसतंच हिंडायला निघालंय, अशांनी जरूर यावं, आणि निघण्याच्या तारखेच्या तीन महिने आधी यावं, म्हणजे वर्ग संपल्यावर घरात खिडकी-खिडकी खेळायला महिना हातात राहतो. आम्ही दोघं स्वयंपाकघरात अजून खेळतो. मी ओट्याशी जाऊन जेवण झालं का विचारतो, आणि ही कढईतून मान वर न काढता उत्तर देते. फोनवरच्या बोलण्याचा स्वतंत्र वर्ग काढा, असं बाईंना सांगून ठेवलंय, आणि त्यात आमची दोन नावं आधीच लिहून दिली आहेत.